खारवट भारी जमिनीला पाणी देताना या चुका टाळा

पेण-अलिबागच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खारवट पट्ट्यात, भात निघालं की त्याच वावरात पांढरा कांदा, कलिंगड, भाजी लागते. फेब्रुवारीत वाफ्याच्या कडेला मीठ फुललेलं दिसतं, पात करपते, आणि उपाय म्हणून पाण्याच्या पाळ्या वाढवल्या जातात. पाणीच खारट असेल तर पाळीगणिक मीठही वाढतं.

हिशेब करून बघा. एक गुंठ्यावर एक सेंटिमीटर पाणी म्हणजे साधारण १,००० लिटर. पाण्याची विद्युत वाहकता, म्हणजे ईसी, २ (डेसिसायमन प्रति मीटर; पुढचे आकडेही याच एककात) असेल तर लिटरमागे सव्वा ग्रॅमच्या आसपास क्षार असतात. पाच सेंटिमीटरची एक पाळी दिली की गुंठ्यात सहा किलोच्या वर मीठ आलं. आठ पाळ्यांत पन्नास किलो! पाणी वाफ होऊन उडतं, मीठ जागेवर राहतं.

पहिली चूक, पाणी एकदाच तपासणं. डिसेंबरचा अहवाल मार्चच्या विहिरीला लागू पडत नाही. खाडीलगतच्या नाल्यात तर भरतीचं आणि ओहोटीचं पाणी वेगळं. हातातला ईसी मीटर ठेवा आणि आठवड्याला मोजा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात रोज. विहिरीचा पंप सलग चालवून पाणी तळाला नेलं की खालचं खारं पाणी वर ओढलं जातं. त्यापेक्षा थोडा वेळ उपसा, मग विश्रांती, आणि फूटव्हॉल्व्ह तळाशी न ठेवता वरच्या थरात.

कांदा यात फार नाजूक. मातीच्या संपृक्त अर्काचा (पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याचा) ईसी १.२ च्या पुढे गेला की उत्पादन घटू लागतं. भात ३ पर्यंत सोसतं. ईसी २ च्या पाण्यावर कांदा पूर्ण उत्पादनाने घ्यायचा तर दिलेल्या पाण्यातलं निम्मं पाणी मुळांखाली निचरून जायला हवं. चिकणमातीत ते होणं नाही. ०.८ च्या पाण्याला पंधरा टक्के निचरा पुरतो. प्रयोगशाळेच्या अहवालात १:२.५ प्रमाणातला (एक भाग माती, अडीच भाग पाणी) ईसी असेल तर तो आकडा संपृक्त अर्कापेक्षा कमी दिसतो, त्यावर वरचे आकडे लावू नका. गोडं पाणी थोडंच असेल तर ते रोपवाटिकेला आणि लागणीनंतरच्या पहिल्या पाळ्यांना राखून ठेवा.

रोज शिंपडल्यासारखं पाणी देणं, किंवा पंधरा-वीस दिवस जमीन सुकवणं. दोन्ही चुकीचं. रोजच्या शिंपडीने वरचे चार बोटं ओले होतात आणि मीठ तिथेच घट्ट होतं. सुकवली तर भेगा पडतात. पुढचं पाणी भेगांतून सरळ खाली जातं, ढेकळातलं मीठ ढेकळातच राहतं. शिवाय खालचं खारं पाणी केशाकर्षणाने वर चढतं. भेगा पडायच्या आत पाळी द्या, दरवेळी मुळांच्या खोलीपर्यंत ओल जाईल इतकं. भाताचा पेंढा दोन ओळींत पसरलात तर बाष्पीभवन आणि मीठ दोन्ही आटोक्यात राहतात.

वरंब्याच्या माथ्यावर लागण. दोन्ही सऱ्यांतून पाणी झिरपत माथ्याकडे चढतं आणि मीठ नेमकं तिथे साठतं. रोप वरंब्याच्या बगलेत, पाण्याच्या कडेला लावा. एकाआड एक सरी भिजवत असाल तर ओल्या सरीच्या बाजूला. सपाट वाफ्यात जिथे उंचवटा, तिथे मीठ. लागणीआधी वाफा पाण्याच्या रेषेत सपाट करून घ्या.

अवकाळी पावसात ठिबक बंद करणं. ठिबकने ओला झालेला गोळा असतो, मीठ त्याच्या कडेला ढकललेलं असतं. हलकी सर आली की ते विरघळून मुळांकडे येतं. म्हणून सर चालू असताना ठिबकही चालू ठेवा. पाणी खारट असेल तर तुषार सिंचन टाळलेलंच बरं, पानं जळतात.

निचऱ्याशिवाय धुणं. मीठ धुवायचं तर गेलेलं पाणी बाहेर पडायला चर हवा. खाली खारी पाणपातळी भिडलेली असेल तर वरून ओतलेलं पाणी ती आणखी वर आणतं. धुताना सलग पाणी कोंडण्यापेक्षा भरा, मुरू द्या, पुन्हा भरा. भारी मातीत अशाने कमी पाण्यात जास्त मीठ निघतं.

पांढरं दिसलं की जिप्सम टाकणं, हीही चूकच. सामू (पीएच) ८.५ च्या आत आणि मीठ फुललेलं असेल तर आधी गोडं पाणी आणि निचरा. सामू त्यावर, किंवा विनिमययोग्य (मातीच्या कणांना चिकटलेलं) सोडियम १५ टक्क्यांच्या पुढे, आणि पाणी मुरतच नाही, अशा वेळी जिप्सम. तेही माती परीक्षणातून निघालेल्या मात्रेने, पावसाआधी मिसळून.

खरा धुणारा कोकणचा पाऊसच आहे, आणि सगळ्यात महागडी चूकही तिथेच होते: पहिल्या सरींचं पाणी लावणीसाठी म्हणून बांधात अडवलं जातं. त्यात उन्हाळाभर वर आलेलं मीठ विरघळलेलं असतं. ते ओहोटीला उघाडीतून (बांधातल्या पाणी सोडायच्या दारातून) सोडून द्या, पाण्याचा ईसी उतरला की मग बांध धरा आणि पनवेल-१, २, ३ सारखं खार सोसणारं भात लावा. उघाडीची झापं आणि बांधाच्या खांडी मे महिन्यातच दुरुस्त झालेल्या हव्यात, कारण उधाणाचं पाणी एकदा वावरात शिरलं की धुण्याचं काम पुन्हा पहिल्यापासून.