काकूंच्या मेतकुटाचा लोगो

ठाण्यातल्या एका काकूंनी मेतकुटाची बरणी माझ्यापुढे ठेवली. "लोगो बरा आहे ना गं? भाच्याने करून दिलाय." लोगोत शेफची टोपी, टोपीतून वाफ, भोवती गव्हाच्या लोंब्या, खाली केशरीतून लाल होत जाणारी पट्टी आणि तिच्यावर लपेटदार इंग्रजीत काकूंचं नाव. काय विकतोय ते सगळ्यात खाली, मुंगीएवढ्या अक्षरात. तेही 'मेतकुट'.

अशा वेळी तोंड उघडू नका. घरच्या माणसाने मायेने केलेलं असतं, तुम्ही नावं ठेवलीत की चहा गार होतो. त्यापेक्षा लोगो दोन सेंटिमीटर रुंद छापा आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून त्याची काळी-पांढरी झेरॉक्स काढा. काकूंची पट्टी सरसकट काळी आली, नाव त्यात बुडालं. मग लोगो व्हॉट्सॲपच्या डीपीला लावून बघितला. गोलात नुसती टोपी उरली. काकू आपणहून म्हणाल्या, "हे तर केकवाल्याचं वाटतंय!"

मग विचारायचं, गिऱ्हाईक माल काय म्हणून मागतं? हा प्रश्न मी कधीच चुकवत नाही. काकूंकडे लोक 'पिवळ्या झाकणाचं' मागत होते. पिवळं का, तर बरणीवाल्याकडे त्या दिवशी तेवढंच शिल्लक होतं. पण लोकांच्या डोळ्यात ते बसलं होतं, शिवाय हळदीचाच रंग. म्हणून पिवळा ठेवला. फक्त पांढऱ्यावर पिवळी अक्षरं दिसत नाहीत, तेव्हा पिवळी जमीन आणि त्यावर गडद तपकिरी अक्षरं. टोपी, लोंब्या, पट्टी सगळं गेलं.

उरला शब्द, आणि खरी मेहनत तिथेच आहे. आधी शुद्धलेखन. 'मेतकुटाचा' लिहिताना कु ऱ्हस्व होतो, म्हणून फसायला होतं, पण नुसतं 'मेतकूट' दीर्घच. फॉन्टसाठी मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षर घडवणाऱ्या संस्थेचे मुक्त परवान्याचे, म्हणजे फुकट वापरता येणारे मुक्ता, बालू बघा. मी बालू घेतला, गुबगुबीत आहे, गुरगुट्या भाताला शोभतो. पण शब्द टाइप केला म्हणजे लोगो झाला असं नाही. दोन सेंटिमीटरला कूच्या ऊकाराचं पोट शाईने बुजत होतं, ते उघडलं. शिरोरेषा सलग आणि जाड केली, तीच झाकणाची कड वाटते. 'मे'ची मात्रा थोडी वाकवून वर सोडली. भाचा खूश, त्याची वाफ राहिली.

काकू भाजणीही विकतात, तिच्या लेबलावर 'थालीपीठ' होतं, तिथे ल बघावा लागला. कित्येक फॉन्ट आपणहून हिंदी वळणाचा ल देतात. भाषा मराठी निवडली की बऱ्याच फॉन्टांत आपला पाकळीचा ल येतो. श चंही तेच. आजीला कदाचित सांगता येणार नाही, पण काहीतरी परकं आहे हे तिला जाणवतं.

भाच्याने शाकाहाराची हिरवी खूण लोगोतच गुंफली होती. ती वेगळी काढा, सजावट नव्हे ती. लेबलाचा दर्शनी भाग १०० चौरस सेंटिमीटरपर्यंत असेल तर तिच्या हिरव्या ठिपक्याचा व्यास किमान ३ मिलिमीटर लागतो, त्यापुढे ५०० पर्यंत ४. तिची आणि एफएसएसएआयच्या, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, १४ आकडी क्रमांकाची जागा आधी आखा, उरलेल्यात लोगो बसवा. उलट केलंत की शेवटी क्रमांक बरणीच्या मागे चुरगळून बसतो.

रंग पडद्यावर पास करू नका. पडद्यावरचा झगझगीत पिवळा छापताना मळकट होतो. ज्या स्टिकरवर छापणार त्याच कागदावर एक नमुना काढून घ्या आणि ट्यूबलाइटखालीही बघा, दुकानात तोच उजेड असतो.

फाइल देताना अक्षरांचे कर्व्ह करूनच द्या, म्हणजे अक्षरं फॉन्ट न राहता नुसत्या आकृत्या होतात. आमच्या छापखान्यात कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती होती, पहिल्या नमुन्यात ऊकार क सोडून ट खाली जाऊन बसला होता.

जुने तीनशे स्टिकर मात्र काकूंनी फेकू दिले नाहीत. "पैसे मोजलेत गं." ते डांगराच्या पाकिटांवर लागले, टोपीसकट.