जुनी नाणी जमवताय? या चुका टाळा

आखाजीच्या आधी आमच्या भुसावळच्या घरात तांब्या-पितळेची सगळी भांडी अंगणात निघायची. चिंच, राख, काथ्या आणि दुपारभर घासणं. बारा-तेरा वर्षांचा असताना त्या ढिगात मी आजीच्या डब्यातला एक ढब्बू टाकला. १८६२ चा, अर्ध्या आण्याचा, व्हिक्टोरिया राणीचा. गडद तपकिरी रंग, राणीच्या केसांच्या बटा अजून वेगवेगळ्या दिसत होत्या. पाच मिनिटांत तो गुलाबी झाला, दोन महिन्यांत डागाळला. पुढे भिंग हाती आलं तेव्हा राणीच्या गालावर काथ्याच्या बारीक रेघांचं जाळं दिसलं. तो ढब्बू मी जपून ठेवला आहे. नाणी जमवायला लागलेलं कुणी घरी आलं की आधी तोच दाखवतो. या छंदातल्या बाकी चुका पैशांत भरून निघतात, ही निघत नाही.

नाणं घासू नका, चोळूही नका

तांब्यावरची तपकिरी झाक म्हणजे मळ नव्हे. धातू आणि हवा यांनी मिळून शंभर-दीडशे वर्षांत तयार केलेली ती कातडी असते, आणि आतल्या तांब्याला तीच सांभाळते. चिंच-लिंबातलं आम्ल ती खाऊन टाकतं. चांदीवरचा काळेपणा गंधकामुळे येतो. सराफाकडच्या द्रावणात बुडवला की तो जातो, पण सोबत चांदीचा पातळ थरही जातो आणि नाण्याची मूळ झळाळी मरते. टूथपेस्ट, रिठा, विभूती, भांडी घासायची पावडर, सगळ्यांचा परिणाम तोच. जाणकार माणूस घासलेलं नाणं हातात घेताच ओळखतो आणि भाव पाडतो, ते बरोबरच आहे.

माती फारच बसली असेल तर बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी आणा. काचेच्या वाटीत नाणं दिवसभर बुडवून ठेवा, पाणी बदला, पुन्हा ठेवा. मग मऊ सुती कापडावर ठेवून टिपून घ्या. फिरवून पुसायचं नाही, फक्त टिपायचं. आमच्याकडचं बोअरचं पाणी क्षारांचं, ते वापरलंत तर वाळल्यावर पांढरे ठिपके उरतात. आणि नाणं नेहमी कडेनं धरा. अंगठ्याचा घाम चेहऱ्यावर लागला की काही महिन्यांनी ठसा उमटतो आणि तो तसाच राहतो.

खानदेशचा उन्हाळा आणि प्लास्टिकचा अल्बम

पुस्तकात सहसा न सापडणारी अडचण आपल्याकडे मे महिन्यात येते. पारा ४५ च्या पुढे, अल्बम माळ्यावर किंवा पत्र्याच्या ट्रंकेत. जुलैमध्ये उघडावा तर नाण्यांवर हिरवट, चिकट लेप. हा दोष त्या पिशव्यांचा आहे. स्वस्त अल्बमची पानं पीव्हीसी प्लास्टिकची असतात. ती मऊ राहावीत म्हणून घातलेलं द्रव्य उष्णतेनं बाहेर झिरपतं, प्लास्टिकचं विघटन होताना आम्ल सुटतं आणि ते तांब्याला धरतं. चांदीच्या नाण्यातही थोडं तांबं असतंच. ओळखायला सोपं आहे: पान मऊ, ताणलं तर ताणलं जाणारं आणि नव्या रेनकोटसारखा वास मारणारं असेल तर त्यात नाणं ठेवू नका. कडक, करकर वाजणारं मायलार (पॉलिएस्टरचं पातळ प्लास्टिक) चालतं. त्याहून सोयीची आणि स्वस्त म्हणजे मधे मायलारची खिडकी असलेली पुठ्ठ्याची चौकोनी पाकिटं. स्टेपलरच्या पिना पक्कडीनं चपट्या करा, नाहीतर शेजारच्या नाण्याला ओरखडा येतो. नाणं काढायचं असेल तेव्हा आधी सगळ्या पिना काढा.

आता हिरवं दिसलंच तर काय करायचं? आधी तीन प्रकार वेगळे करा.

चिकट, ओलसर हिरवं असेल तर तो वरचा पीव्हीसीचा लेप. शुद्ध ॲसिटोन काचेच्या वाटीत घ्या, नाणं काही मिनिटं बुडवा, काढून टिपा, गरज पडली तर ताज्या ॲसिटोनमध्ये पुन्हा बुडवा. ते लगेच पेट घेतं, म्हणून खिडक्या उघड्या ठेवा आणि गॅसच्या शेगडीपासून लांब बसा. नखांची पॉलिश काढायचं द्रावण वापरू नका, त्यात तेल आणि सुगंध मिसळलेला असतो.

फिकट हिरवी भुकटी असेल, टाचणीनं हलकं टोकलं तर गळणारी, तर तो तांब्या-काशाचा रोग आहे. क्षारांमुळे होतो, दमट हवेत वाढतो आणि नाणं आतून पोखरतो. ते नाणं त्याच दिवशी बाकीच्यांपासून लांब ठेवा. डिस्टिल्ड पाण्यात कित्येक आठवडे पाणी बदलत भिजवावं लागतं, मग पूर्ण वाळवून सिलिका जेलसोबत बंद डबीत ठेवायचं.

आणि कठीण, गुळगुळीत, नाण्याशी एकजीव झालेला हिरवा थर असेल, तर काहीच करू नका.

रबर बँड आणि वर्तमानपत्राचा कागद चांदीजवळ फिरकू देऊ नका. संग्रह घरातल्या सर्वांत थंड, कोरड्या खोलीत, लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवा. बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या फेकू नका, पावसाळ्यात त्याच कामाला येतात.

नाण्यावरचं साल म्हणजे आपलं साल नव्हे

शिरपूरकडचे एक काका एकदा रुमालात बांधून मोठं चांदीचं नाणं घेऊन आले. वडील एडनला नोकरीला होते, तिथून आणलेलं. नाण्यावर भरदार चेहऱ्याची राणी, मागे दोन डोक्यांचा गरुड, साल १७८०. "भाऊ, हाऊ शिक्का अडीचशे वरीसना शे!" काकांचा आनंद पाहून बोलणं जड गेलं, पण सांगावं लागलं. ते ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसाचं थेलर. राणी १७८० मध्ये वारली, पण तांबड्या समुद्राच्या काठावरचे, अरबस्तानातले आणि इथिओपियातले व्यापारी याच नाण्यावर विश्वास ठेवायचे. म्हणून तेच साल कायम ठेवून ते पुढे दीडशे-दोनशे वर्षं पाडलं गेलं. व्हिएन्ना, रोम, लंडन, पॅरिस, ब्रुसेल्स आणि १९४०-४१ मध्ये आपल्या मुंबईच्या टांकसाळीतही! कोणता छाप कुठला, हे राणीच्या खांद्यावरच्या पदकातल्या मोत्यांवरून आणि गरुडाच्या शेपटीच्या पिसांवरून जाणकार ठरवतात. काकांचं नाणं खरं होतं, वजन २८ ग्रॅमच्या आसपास, चांदीही खरी. फक्त अडीचशे वर्षांचं नव्हतं. मुंबईत पाडलेलं असू शकतं म्हटल्यावर काकांनी ते पुन्हा हातात घेऊन नीट निरखलं.

आपलं १८६२ चं साल तरी कुठे सरळ आहे? त्या सालाचे चांदीचे रुपये १८७४ पर्यंत पाडले जात होते.

पंचांगांचा घोळ वेगळा. नेपाळचं नाणं आपल्याला वाचता येतं, म्हणूनच फसायला होतं. देवनागरीत २०४० दिसलं की लोक त्याला 'चुकीच्या सालाचं दुर्मीळ नाणं' समजतात. तो विक्रम संवत, ५७ वजा करा, १९८३ आलं. पण साधारण १९११ च्या आधीच्या नेपाळी नाण्यांवर शक असतो, तिथे ७८ मिळवायचे: शके १८१७ म्हणजे १८९५. थायलंडच्या बौद्ध सालातून ५४३ वजा करा. जपानी साल सम्राटाच्या कारकिर्दीप्रमाणे मोजतात: शोवा काळातल्या आकड्यात १९२५ मिळवा, हेइसेई काळातल्या आकड्यात १९८८.

हिजरी साल चांद्र असल्यानं नुसत्या बेरजेनं जमत नाही. आकड्याला ०.९७ नं गुणा आणि ६२२ मिळवा. निजामाच्या चारमिनार रुपयावर १३२९ असेल तर उत्तर येतं १९११. खानदेशाला लागूनच निजामाचा मुलूख होता, त्यामुळे निजामाचे हे रुपये, म्हणजेच हाली सिक्के, आपल्याकडच्या जुन्या डब्यांत हमखास निघतात. आखातात नोकरी करून आलेल्यांच्या पाकिटातलीही बरीच नाणी अरबी आकड्यांची असतात. त्यात पोकळ गोल म्हणजे शून्य नव्हे, पाच. शून्य म्हणजे नुसता ठिपका. वर तोंड उघडं असलेला कोन सात, उलटा कोन आठ. एवढं पाठ केलंत तरी निम्मं काम झालं.

वजन न करता पैसे देणं

जळगावच्या सराफ बाजाराच्या इतक्या जवळ राहून आपण नाणं डोळ्यांनी तोलतो, याचं मला वाईट वाटतं. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा आणि व्यास मोजायचा व्हर्नियर कॅलिपर ही दोनच हत्यारं आधी घ्या, अल्बम नंतर. व्हिक्टोरियाचा रुपया ११.६६ ग्रॅम, ३०.५ मिलिमीटर, ९१.७ टक्के चांदी. अमेरिकेचा मॉर्गन डॉलर २६.७३ ग्रॅम. अमेरिकेचाच ट्रेड डॉलर २७.२२ ग्रॅम आणि तो १८७३ मध्ये सुरू झाला, त्याआधीचं साल दिसलं तर नाणं खाली ठेवा.

वजन झिजेमुळे कमी भरतं, मग खरं-खोटं कसं कळणार? पाण्यानं. काट्यावर पाण्याचा पेला ठेवा, काटा शून्यावर आणा. बारीक दोऱ्यात नाणं अडकवून पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला लागू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल त्यानं नाण्याच्या कोरड्या वजनाला भागा. चांगल्या रुपयाला काटा साधारण १.१३ दाखवतो आणि भागाकार १०.३ च्या आसपास येतो. तांबं-निकेलच्या नकलेचा भागाकार ९ च्या जवळ येतो. रुपया कितीही झिजलेला असो, हा भागाकार बदलत नाही. १९४० ते १९४५ च्या रुपयात मात्र चांदी निम्मीच आहे, तिथे आकडा कमी येणारच.

चुंबकावर एकट्यावर विसंबू नका. चिकटलं तर चांदी नाही एवढं कळतं. न चिकटणारे खोटे धातू पुष्कळ आहेत. चुंबक खरा उपयोगी पडतो तो अमेरिकेच्या १९४३ च्या सेंटसाठी. युद्धात तांबं वाचवायला तो पोलादाचा पाडला होता. त्या सालाचे तांब्याचे सेंट हातावर मोजण्याइतके, म्हणून पोलादी सेंटला तांब्याचा मुलामा देऊन विकतात. चुंबकाला चिकटला की प्रश्न मिटला.

नाणं फरशीवर आपटून वाजवायची जुनी सवयही सोडा, कड चेपते. बोटाच्या टोकावर तोलून पेन्सिलीनं हलकं टिचकवा. सराफाकडे गेलात तर कसोटीवर घासू देऊ नका, कानस तर नाहीच. मशीनवर तपासता येतं, पण मशीन वरचा थर पाहतं, हे मुलामा दिलेल्या नाण्याच्या वेळी लक्षात ठेवा.

खुणा म्हणजे खराबी नव्हे

जुन्या रुपयांवर छोटे ठोके, फुलं, चंद्रकोरी मारलेल्या दिसतात. सराफांनी नाणं तपासून मारलेल्या त्या खुणा आहेत. चीनकडे फिरलेल्या डॉलरवर तिथल्या व्यापाऱ्यांचे ठसे असतात. तो नाण्याचा प्रवास आहे, घासून घालवू नका. टाका लावलेलं, हारातलं नाणं मात्र संग्रहासाठी कमी प्रतीचंच. तरी सातपुड्यातल्या पावरा बायकांचा रुपयांचा हार कुणी विकायला आणला तर तो तोडून नाणी सुटी करू नका, हार अखंड असण्याला स्वतःचं मोल आहे.

रामदरबार, राईस पुलर आणि लाखांच्या जाहिराती

याबद्दल मी तडजोड करत नाही. ईस्ट इंडिया कंपनीचं नाव, एका बाजूला रामदरबार किंवा हनुमान, साल १६१६, १७१७ किंवा १८१८: असं नाणं कंपनीनं कधीही पाडलं नाही. १६१६ मध्ये कंपनी सुरतेला वखार टाकून जेमतेम स्थिरावली होती. ही पूजेसाठी आणि विक्रीसाठी बनवलेली बिल्ले-नाणी आहेत. देवघरात ठेवा, हात जोडा, पण त्यांसाठी हजारो रुपये मोजू नका. तांदूळ ओढणारं 'राईस पुलर' नाणं ही तर उघड फसवणूक, तिच्यापायी शेत गहाण टाकलेली माणसं आहेत. वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं लाखांना जातं म्हणून कुणी आधी 'कमिशन' मागितलं तर फोन ठेवा. जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात आपण कसलंही शुल्क घेत नाही, हे रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं आहे.

दिसेल ते घेणं

पहिली दोन वर्षं मी किलोच्या भावानं मिळणारी परदेशी नाणी घेतली, आणि त्यातलं एकही आठवत नाही. मग एक विषय धरला: दुसऱ्या महायुद्धातली धातूटंचाई. आपला १९४३ चा भोकाचा पैसा, अमेरिकेचा तो पोलादी सेंट, जर्मनांच्या ताब्यातल्या बेल्जियम आणि नेदरलँड्सची जस्ताची नाणी. बहुतेक स्वस्तात मिळाली, आणि एका पानावर जगभरची टंचाई दिसते. जस्ताला पांढरी भुकटी लवकर धरते, तेवढी काळजी. प्रत्येक नाण्यामागे वहीत एक ओळ हवी: वजन, व्यास, कुणाकडून, कधी, किती रुपयांना. ओळख पटवायला नुमिस्टासारखी मोफत संकेतस्थळं आहेत, आणि नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथे एकदा तरी जाऊन या.

शेतात सापडलं तर

नांगरताना गाडगं निघालं, अशा बातम्या आपल्या भागाला नव्या नाहीत. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं. त्याच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या भाच्याला आजोबांचा रुपया भेट म्हणून पाठवू नका. आणि गाडगं सापडलंच तर नाणी धुऊ नका, भावंडांत वाटून घेऊ नका. जागेवरच फोटो काढा. फुटकं गाडगं आणि आतली मातीही ठेवा, कारण कुठली नाणी कुणासोबत पुरली होती यावरूनच ती कधी पुरली हे सांगता येतं.