रेकॉर्डच्या खाचेतला गाळ ओढून काढणारं घरगुती यंत्र

रेकॉर्ड ओल्या फडक्याने पुसली की चकचकीत दिसते, पण सुईखाली घातली की पहिल्यापेक्षा जास्त खरखरते. कारण साधं आहे. एलपीची खाच केसाइतकी बारीक, तिच्या तळापर्यंत फडकं पोचतच नाही. मळ पाण्यात सुटतो, ते पाणी खाचेत उतरतं आणि तिथेच सुकतं. म्हणून मळकं पाणी सुकायच्या आत ओढून घेतलं पाहिजे. विकतची महागडी यंत्रंही मुळात हेच करतात, आणि तेवढं घरी नक्की जमतं.

मी चिपळूणचा. २२ जुलै २०२१च्या पुरात माझ्या नाट्यसंगीताच्या रेकॉर्डींवर वाशिष्ठीचा गाळ चढला आणि सुकला. असा गाळ कोरडा कधीच घासू नका. त्यात बारीक वाळू असते, ती खाचेच्या भिंती खरवडते. आधी लेबल कोरडं ठेवून गाळ भिजू द्यायचा. पावसाळ्यात येणारी पांढरी बुरशीही अशीच ओली करून काढायची, आणि नाकातोंडाला मास्क लावूनच.

आता यंत्र. एक लाकडी खोकं घ्या. त्यात १२ व्होल्टची, मिनिटाला १० फेरे घेणारी गिअरवाली मोटर उभी बसवा. मोटर दमदार हवी, कारण पाणी ओढायला लागलं की रेकॉर्ड फिरवणाऱ्या चकतीला ब्रेक लागल्यासारखं होतं आणि हलकी मोटर अडकते. वायरिंगमध्ये दोन्ही दिशांना फिरवणारा स्विच टाका. उलटसुलट घासल्याने खाचेत अडकलेलं लवकर सुटतं. अडॅप्टर खोक्यापासून लांब ठेवा, म्हणजे पाण्याजवळ २३० व्होल्ट येत नाहीत.

चकती सुताराकडून १२ मिलिमीटर प्लायवुडची, २९ सेंटिमीटर व्यासाची कापून घ्या. कडा आणि खालची बाजूही व्हार्निश करा, नाहीतर प्लाय फुगतो. वर जुन्या योगा मॅटचा तुकडा चिकटवा. मधोमध ६ मिलिमीटरचा बोल्ट खालून घाला, त्याचं डोकं प्लायमध्ये गाडा आणि त्याखाली मोटरच्या दांड्याचा फ्लँज (दांड्यावर बसणारी चपटी भोकांची चकती) स्क्रूने आवळा. रेकॉर्डचं भोक ७ मिलिमीटरहून थोडं मोठं असतं, म्हणून बोल्टवर प्लास्टिकची नळी चढवून फट भरा. वरून लेबल झाकणारी १० सेंटिमीटरची ॲक्रिलिकची चकती, तिच्याखाली रबराचा वॉशर आणि वर विंग नट. लेबल भिजलं तर परत येत नाही, इथे कंजुषी नको.

सगळं यश मात्र पाणी ओढणाऱ्या नळीवर आहे. वायरिंगचा २० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप घ्या, एक टोक टोपीने बंद करा आणि खालच्या बाजूला ९ सेंटिमीटर लांब, २ मिलिमीटर रुंद फट कापा. हॅकसॉचं पातं आधी, मग पॉलिश पेपर. आतून एक कूसही राहता कामा नये. नखाने चाचपून बघा. फटीच्या दोन्ही कडांना ब्लाउजच्या कापडाच्या दुकानातल्या मखमलीच्या पट्ट्या चिकटवा. दुसऱ्या टोकाला एल्बो लावून खाली उभा पाइप द्या आणि तो खोक्यातल्या २५ मिलिमीटरच्या पाइपात सैल सोडा. व्हॅक्यूम क्लीनर त्या मोठ्या पाइपाला खालून जोडायचा. नळी आवळून बसवू नका. ती सैल असली की चालू करताच स्वतःच खाली ओढली जाते आणि मखमल रेकॉर्डला सारखी टेकते. सांध्यातून थोडी हवा गळते, गळू द्या; त्यामुळे व्हॅक्यूमच्या मोटरवर ताण येत नाही.

व्हॅक्यूम क्लीनर ओलं ओढणाराच हवा. साधा असेल तर मध्ये जाड प्लास्टिकची बरणी जोडा: येणारी नळी आत खोलवर, जाणारी झाकणापाशी. पाणी बरणीत पडतं, हवा पुढे जाते.

धुवायला डीमिनरलाइज्ड पाणी, म्हणजे इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात तेच, सीलबंद बाटलीतलं. नळाच्या पाण्यातले क्षार खाचेत राहतात. एका लिटरला अर्धा मिलिलिटर ट्वीन-२०, म्हणजे साबणासारखं मळ सोडवणारं सौम्य रसायन, घाला. लॅबचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतं. स्पिरिट, आयसोप्रोपिल अल्कोहोल मी वापरत नाही. व्हॅक्यूमच्या मोटरमध्ये ठिणगी असते आणि ही वाफ पेट घेते. शिवाय ७८ आरपीएमच्या जुन्या तबकड्या लाखेच्या. अल्कोहोल लागलं की लाख विरघळते आणि आवाज कायमचा जातो. त्या तबकड्या बहुतेक १० इंची असतात, म्हणून फटीचा बाहेर राहणारा भाग टेपने बंद करा, नाहीतर तिथून नुसती हवा ओढली जाते.

द्रावण पसरा, मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने दोन्हीकडे दोनेक मिनिटं घासा, मग नळी टेकवून दोन-तीन फेरे. त्याहून जास्त फिरवलं तर कोरड्या घर्षणाने वीज साठते आणि धूळ पुन्हा चिकटते. नंतर नुसत्या पाण्याने खळबळून पुन्हा ओढा. बाजू पलटण्याआधी योगा मॅट पुसून घ्या, नाहीतर खालचा मळ धुतलेल्या बाजूला लागेल. पुरातल्या रेकॉर्डींना हे तीनदाही करावं लागतं. बरणीतलं पाणी गढूळ येणं थांबलं की समजायचं झालं.

रेकॉर्ड ताटाळ्यात उभी सुकवा, उन्हात नाही, आणि जुन्या पाकिटात परत घालू नका. बुरशी तिथेच असते. मखमल रोज काम संपल्यावर धुवा, कडक झाली की बदला.