कूलिंग टॉवर गार करेना? आधी ब्लोडाउनचा व्हॉल्व्ह बघा

सोलापुरात एप्रिल उजाडला की पारा चाळिशीपार जातो आणि कारखान्यात ओरड सुरू होते, "पाणी गारच होत नाही." लगेच केमिकलचा डोस वाढवू नका. टॉवरची पाणी फवारणारी एक नोझल उघडून आतला थर नखाने खरवडा. पांढरा, टणक निघाला आणि त्यावर लिंबू पिळल्यावर बुडबुडे आले, तर तो चुन्याचा क्षार. बोटाला बुळबुळीत लागला, तर जिवाणूंचा चिकटा. दोन्हींवरचा उपाय वेगळा.

क्षाराचं आधी बघू, कारण आपलं बोअरचं पाणी जड. टॉवरमधून वाफ जाते, क्षार मागेच राहतात. शिवाय पाणी तापलं की हा चुना कमी विरघळतो, म्हणून तो सगळ्यात आधी कंडेन्सरच्या, म्हणजे जिथे हे पाणी यंत्राची उष्णता घेतं त्या भागाच्या, गरम नळ्यांत बसतो.

टीडीएस मीटरने, म्हणजे विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या मीटरने, भरतीचं (नव्याने येणारं) आणि टॉवरच्या हौदातलं पाणी मोजा. भरती ६०० आणि हौद १८०० असेल, तर क्षार तिप्पट झाले. जड पाण्यावर एवढंच पुरे. पुढे जायचं तर पाण्याचा जडपणा काढणारा सॉफ्टनर लावा. तिप्पटीवर राहायचं म्हणजे तासाला १००० लिटर वाफ होत असेल, तर हौदातलं साधारण ५०० लिटर खारट पाणी ब्लोडाउनच्या व्हॉल्व्हने बाहेर सोडावंच लागतं. ते जिवावर येतं, खरं आहे. आमच्याकडे एका उन्हाळ्यात टँकरचं पाणी वाचवायला रात्रपाळीने व्हॉल्व्ह बंदच ठेवला होता. वाचलेल्या टँकरपेक्षा नळ्या साफ करण्याचा खर्च जास्त झाला.

सुताची धूळ आणि वाऱ्याची माती हौदात येतेच. फिरत्या पाण्यातलं ५ ते १० टक्के पाणी बाजूच्या फिल्टरमधून सतत फिरवा, तळाचा गाळ काढत राहा.

चिकट्यासाठी हायपो, म्हणजे क्लोरीनचं जंतुनाशक द्रावण, संध्याकाळी टाका. उन्हात क्लोरीन उडतो. पीएच ८ च्या वर गेला की त्याचा जोर ओसरतो, म्हणून पीएचही मोजा.

हायपो आणि नळ्या धुण्याचं अ‍ॅसिड कधीही एकत्र येऊ देऊ नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. डबेसुद्धा वेगळ्या खोल्यांत ठेवा. टॉवर धुताना पंखा बंद आणि तोंडावर चांगला मास्क हवा, कारण कोमट पाण्यात वाढणारा लेजिओनेला हा रोगजंतू तुषारांतून फुप्फुसात जातो. साधा रुमाल चालणार नाही.