जखमी समोर असताना: मुंबईत ड्युटीवर असलेल्या पोलिसासाठी

अपघाताच्या जागी पहिली वर्दी पोहोचते ती बहुतेक वेळा सिग्नलवरच्या, नाकाबंदीच्या किंवा बीटवरच्या शिपायाची. त्याने काय करायचं याबद्दल कायद्यात संदिग्धता नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ६६ प्रमाणे रस्त्यात असहाय अवस्थेत असलेल्याला शक्य ती सगळी मदत करणं हे प्रत्येक पोलिसाचं कर्तव्य आहे. हद्द कोणाची, नेमणूक वाहतुकीला की ठाण्याला, असा भेद त्या कलमात नाही. तरीही जीव जातात ते बरेचदा क्रम चुकल्यामुळे: आधी गाड्यांचे नंबर आणि चालकाची चौकशी, आणि तोवर जखमीच्या मांडीतून रक्त वाहतच असतं.

सुरुवात मात्र रस्त्यापासून करा. हायवेवर दुसरी गाडी येऊन आदळली तर जखमींत तुमचीही भर पडेल. मोबाइल व्हॅन किंवा मोटरसायकल जखमीच्या मागे, येणाऱ्या वाहतुकीच्या बाजूला तिरकी लावा, ब्लिंकर सुरू ठेवा. एका माणसाला टॉर्च घेऊन मागे उभं करा. रात्री आणि पावसात आणखी मागे.

लगेच १०८ (रुग्णवाहिका) आणि पोलीस कंट्रोल रूमला कळवा. इथे एक चूक वारंवार होते: 'ईस्टर्न एक्स्प्रेसवर, विक्रोळीजवळ' एवढंच सांगितलं जातं. दुभाजकामुळे चुकीच्या बाजूने आलेल्या रुग्णवाहिकेला पुढच्या वळणापर्यंत जाऊन परत यावं लागतं. त्यामुळे तीन गोष्टी सांगाच: ठाणे शहराकडे जाणारी बाजू की सायनकडे, पुलावर की पुलाखालच्या रस्त्याला, आणि जवळची ठळक खूण. सोबत जखमी किती, शुद्धीवर किती, कोणी गाडीत अडकलंय का. गर्दीतल्या कोणीतरी फोन केला असेल असं धरून चालू नका.

आता माणूस. हातमोजे घाला आणि आधी रक्त पाहा, मग श्वास. रक्त भळभळत असेल तर स्वच्छ कापडाची जाड घडी जखमेवर ठेवून दोन्ही तळव्यांनी, अंगाचा भार देऊन दाबा. दहा मिनिटं उचलायचं नाही. थांबलं का बघायला कापड उचललं की धरू लागलेली गाठ निघते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. भिजलं तर वरून दुसरी घडी ठेवा. हात किंवा पाय चिरडला असेल आणि दाबूनही रक्त थांबत नसेल तरच पट्टा आवळा: जखमेच्या वर, धडाच्या बाजूला ५ ते ७ सेंटिमीटरवर, सांध्यावर नाही. पट्टा निदान चार बोटं रुंद हवा. शिट्टीची दोरी वापरू नका. ती मांसात रुतते आणि रक्त मात्र वाहत राहतं. ओढणी किंवा गमछाची चारपदरी पट्टी बांधून त्यात काठी घालून रक्त थांबेपर्यंत पिळा. बांधल्याची वेळ जखमीच्या कपाळावर किंवा हातावर पेनाने लिहा. नंतर पट्टा सैल करण्याचं काम डॉक्टरचं.

पोटात किंवा छातीत काही घुसलं असेल, सळई असो वा चाकू, ते उपसू नका. भोवती कापड लावून हलणार नाही असं धरा. पाणी पाजू नका. गर्दीतून पहिली बाटली हमखास पुढे येते. बेशुद्धाला पाजलेलं पाणी श्वासनलिकेत जातं, आणि शुद्धीवर असला तरी ऑपरेशनची भूल देताना पोट भरलेलं असणं धोक्याचं.

दुचाकीस्वाराचं हेल्मेट श्वास नीट चालू असेल तर काढू नका, फक्त काच वर करा. उलटी होत असेल किंवा श्वास नीट चालत नसेल तेव्हा काढावंच लागतं, पण दोघांनी मिळून: एकाने जबडा आणि मान खालून पक्की धरायची, दुसऱ्याने पट्टा कापून हेल्मेटच्या कडा फाकवत सरळ ओढायचं. एकट्याने खेचलं आणि मानेचं हाड मोडलेलं असलं तर माणूस जन्माचा पांगळा होऊ शकतो. श्वास बंदच असेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंटिमीटर खोल.

१०८ ला वेळ लागणार असेल आणि रक्त थांबत नसेल तर वाट पाहू नका, व्हॅनमधून न्या. सपाट फळी मिळाली तर उत्तम. चौघांनी डोकं, खांदे, कंबर, पाय एकाच वेळी उचला, डोकं धरणाऱ्याच्या हुकमावर. रिक्षात पाठ आणि गुडघे दुमडतात, म्हणून पाठीला मार असेल तर ती शेवटचा पर्याय. सायन-वांद्र्याच्या खाली शहरात तर रिक्षा नाहीतच.

डोक्याला मार असेल तर सीटी स्कॅन आणि शस्त्रक्रिया चोवीस तास होते तिथे न्या: सायन, केईएम, नायर, जेजे, कूपर किंवा जोगेश्वरीचं ट्रॉमा, जे जवळ असेल ते. श्वास अडखळत असेल तर मात्र वाटेत जे रुग्णालय आधी येईल तिथे. 'पोलीस केस आहे, सरकारीत न्या' असं खासगी रुग्णालय म्हणू शकत नाही. परमानंद कटारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलंय की जीव वाचवणं आधी, सोपस्कार नंतर. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ ही डॉक्टरवर हेच बंधन घालतं. नकार आलाच तर वाद घालत बसू नका. डॉक्टरचं नाव आणि वेळ टिपून पुढे निघा, नोंद स्टेशन डायरीत करा.

कॅज्युअल्टीत सोडून लगेच परतू नका. धडक कशी बसली, किती वेळ बेशुद्ध होता, पट्टा कधी बांधला, हे ड्युटीवरच्या डॉक्टरला तोंडी सांगा. ईपीआर (रुग्णालयातली पोलीस नोंद) आणि एमएलसी (पोलीस केस म्हणून वैद्यकीय नोंद) तिथेच होईल. पाकीट, दागिने, मोबाइल यांची यादी दोघांसमोर करून सही घ्या. फोन बंद करू नका, घरच्यांचा कॉल त्यावरच येणार आहे.

ज्याने जखमीला आणलं, त्या वाटसरूला अडवणं बेकायदा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४-अ आणि त्याखालचे २०२० चे नियम सांगतात की त्याच्यावर नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. स्वतःहून साक्षीला तयार झाला तर जबाब त्याच्या सोयीच्या वेळी आणि जागी, साध्या वेशात जाऊन, एकाच बैठकीत घ्या. त्याला दोन तास बाकावर बसवलंत तर ते पाहणारे पुढच्या वेळी गाडी थांबवणार नाहीत.

आता कागद. हद्द दुसऱ्या ठाण्याची निघाली तरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो. धडकेचा पहिला अहवाल ४८ तासांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जायला हवा. २०२५ च्या कॅशलेस योजनेत नोंदणीकृत रुग्णालयात सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात, पण हा रस्ते अपघातच आहे याला ठाण्याने पोर्टलवर दुजोरा द्यावा लागतो. तो अडला की बिल नातेवाइकांच्या माथी येतं. चालक पळून गेला असेल तर आसपासच्या दुकानांचं सीसीटीव्ही त्याच दिवशी मागा. रेकॉर्डिंग काही दिवसांत पुसलं जातं.

चाकूहल्ल्यात कपडे कापताना भोक सोडून कापा, तो पुरावा आहे. रक्ताचे कपडे प्लॅस्टिकमध्ये कोंबले तर कुजतात. वाळवून कागदी पिशवीत ठेवा. रेल्वे रुळावर जखमी दिसला तर लोहमार्ग पोलिसांना १५१२ वर कळवा, पण स्टेशन मास्तरच्या मेमोसाठी (लेखी कळवण्यासाठी) स्ट्रेचर थांबवू नका. बोट तुटलं असेल तर ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि ती पिशवी बर्फात. थेट बर्फावर ठेवलेलं बोट खराब होतं आणि पुन्हा जोडणं अवघड होतं.

जखमी आरोपी असला, जमावाने मारलेला चोर असला, तरी क्रम बदलत नाही. ताब्यातल्या जखमीला तातडीने मदत मिळवून देणं कलम ६६ मध्ये वेगळं लिहिलेलं आहे. आधी दवाखाना, मग लॉकअप.

आणि तुमचं रक्षण. जखमीचं रक्त तुमच्या डोळ्यात, तोंडात किंवा हातावरच्या कापल्या जागी गेलं तर साध्या पाण्याने भरपूर धुवा, चोळू नका, आणि त्याच कॅज्युअल्टीत डॉक्टरला सांगा. एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत, आणि जितक्या लवकर तितकी चांगली, सुरू करावी लागतात.