लाँग ट्रॅव्हल सस्पेन्शन: पहिला बोल्ट सोडण्याआधीची तयारी

लाँग ट्रॅव्हल सस्पेन्शन म्हणजे चाकाला वर-खाली व्हायला जास्त जागा देणारी जोडणी. ती घरी बसवायची ठरवलीत, तर सगळ्यात आधी गॅरेजच्या भिंतीवर मार्करनं लिहून ठेवा: ही गाडी सोमवारी ऑफिसला जाणार की नाही? पुढचे सगळे निर्णय या एका उत्तरावर लटकलेले आहेत. माझी 2002 ची टोयोटा टॅकोमा प्रीरनर, मुक्काम रिव्हरसाइड, दक्षिण कॅलिफोर्निया. सुट्टीचं रान म्हणजे इथल्या वाळवंटातली जॉन्सन व्हॅली, नाहीतर ओकोटीयो वेल्स. मेक्सिकोच्या वाळवंटात 1967 साली सुरू झालेल्या बाहा शर्यतीत ड्रायव्हर मूळ शर्यतीआधी रस्ता फिरून बघतात, त्या 'प्री-रन'वरून या गाडीचं नाव आलं. नाव वाळवंटाचं असलं तरी कंपनीतून येताना पुढच्या चाकाला वर-खाली व्हायला सात-आठ इंचच मिळतात. तेच बारा-चौदा इंचांवर न्यायचं, एवढंच हे काम. गाडी उंच करणं हे वेगळं प्रकरण. दोन्हींची गल्लत करून पैसे घालवलेले बरेच जण मला माहीत आहेत.

गाडी रस्त्यावर राहणार असेल तर कायदा आधी बघा. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर ग्रॉस वजन, म्हणजे भरलेल्या गाडीचं कमाल वजन, छापलेलं असतं. ते 4,501 ते 7,500 पौंडांत असेल, तर कॅलिफोर्नियात पिकअपच्या फ्रेमची उंची जमिनीपासून 30 इंचांच्या वर जाता कामा नये. 4,500 पौंडांपर्यंतच्या पिकअपला मर्यादा 27 इंचांची. आर्म, म्हणजे चाकाला फ्रेमशी जोडणारे दांडे, प्रत्येक बाजूला साडेतीन इंच लांब घेतले की गाडी सात इंच रुंद होते आणि टायर मडगार्डच्या बाहेर डोकावतात, म्हणजे फायबरग्लासचे रुंद फेंडर खर्चात धरायलाच हवेत. इन्शुरन्सवाल्यांनाही आधीच फोन करून सांगा.

आता माझं मत, पटो न पटो: पहिल्या खेपेला आर्म स्वतः बनवू नका, विकत घ्या. माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात आयुष्यभर लेथवर उभे राहिले, त्यामुळे हे वाक्य लिहिताना मला थोडी लाजच वाटते. पण खालच्या आर्मच्या टोकाला युनिबॉलचा (सगळ्या बाजूंना फिरणाऱ्या पोलादी गोळ्याच्या बेअरिंगचा) कप वेल्ड केला की थंड होताना तो आकसतो, आणि बेअरिंग नीट बसवायला तो आतून पुन्हा मापात आणावा लागतो. घरी ते यंत्र नसतं. शिवाय या पिढीच्या टॅकोमाचा खालचा बॉल जॉइंट ओढला जाईल अशा पद्धतीनं बसवलेला आहे. झिजला की तो निसटतो आणि चाक आडवं पडतं. 2005 मध्ये टोयोटानं यातल्या काही वर्षांच्या गाड्या याच जॉइंटसाठी परत बोलावल्या होत्या. तेव्हा ही जागा शिकाऊ वेल्डिंगवर सोडू नये. माउंट, गसेट (आधाराचे तिकोनी पत्रे), चाकाला वर थांबवणाऱ्या बंप स्टॉपचे कप, चाकाला फार खाली जाऊ न देणाऱ्या पट्ट्यांच्या कड्या हे सगळं मात्र घरी खुशाल करा.

पार्ट मागवण्याआधी फ्रेम तपासा. हातोडीनं ठोकत जा. टणटण आवाज आला तर ठीक, भदभद आला तर तिथं गंज आतून खातोय. बर्फाच्या राज्यातून आलेली, बर्फ वितळवायला मीठ टाकलेल्या रस्त्यांवर फिरलेली गाडी असेल तर हे दोनदा करा. खालच्या आर्मचे कॅम बोल्ट (चाकाचा कोन जुळवायचे बोल्ट) जिथं बसतात ते कान अनेकदा वाकलेले असतात, तिथं जाड पत्र्याचा आधार लावायचा हे आत्ताच लिहून ठेवा. हे बोल्ट बुशच्या नळीत गंजून अडकतात. दोन दिवस आधीपासून तेल सोडत राहा, नवे बोल्ट आणून ठेवा आणि कापायची तयारी ठेवा. माझ्या चारपैकी तीन बोल्टांना करवतच लागली.

हत्यारांचं थोडक्यात. उंच जॅक स्टँड चार, जॅक दोन, विटांवर गाडी कधीही नाही. वेल्डर 240 व्होल्टचा असेल तर त्याचा ब्रेकर आणि वायरची जाडी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. कपडे वाळवायच्या ड्रायरच्या सॉकेटमध्ये जुगाड नको. आधी त्याच जाडीच्या भंगार तुकड्यांवर वेल्ड करा, एक कापून बघा, एक पोलादी शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरून वाकवा. वेल्डऐवजी तुकडाच वाकला तरच फ्रेमकडे वळा. बॅटरीची तार काढा, अर्थिंगचा चिमटा कामाच्या अगदी जवळ लावा. आणि ब्रेक क्लीनर! क्लोरीनवाला क्लीनर कॅलिफोर्नियात विकायला बंदी आहे, पण शेजारच्या राज्यातून आणलेला एखादा डबा फळीवर असू शकतो. त्यानं पुसलेल्या लोखंडावर आर्क लावला तर फॉस्जीन तयार होतो, तो विषारी वायू आहे. डबा गॅरेजबाहेर ठेवा.

आता खरी तयारी, आणि हिला एक अख्खा शनिवार द्या. स्प्रिंग लावलेला शॉकअप घेऊन चाकाची हालचाल मोजता येत नाही. नुसता शॉकअपही आतल्या नायट्रोजनमुळे, जो साधारण 200 पीएसआयवर भरतात, दांडा बाहेर ढकलत राहतो. म्हणून एकात एक सरकणाऱ्या दोन पाइपांचा खोटा शॉकअप बनवा. शॉकअप पूर्ण मिटल्यावर आणि पूर्ण उघडल्यावर डोळ्यापासून डोळ्यापर्यंत, म्हणजे दोन्ही टोकांच्या भोकांमध्ये, किती भरतो ते बघून त्यात पिनेची भोकं पाडा. मूळ गाडी उभी असतानाच ओळंबा सोडून दोन्ही चाकांचे मध्य जमिनीवर आखून घ्या. मग जॅकनं चाक एकेक इंच वर न्या आणि प्रत्येक इंचाला लिहा: कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) किती, टायर फेंडरला कुठं घासतो, ब्रेकची नळी कुठं ताणते. डिस्कला लेझर पॉइंटर बांधून समोरच्या भिंतीवर ठिपका बघा. चाक वर-खाली होताना तो आडवा सरकला तर तो बंप स्टिअर, म्हणजे खड्ड्यात गाडी स्वतःच वळणार. आर्म जेवढा लांबला तेवढाच टाय रॉड (चाक वळवणारा स्टिअरिंगचा दांडा) लांब असेल आणि आतले सांधे मूळ जागी असतील तर ठिपका फारसा हलत नाही.

याच मापांवरून दोन मर्यादा ठरतात. खाली जाताना शॉकअप पूर्ण उघडण्याच्या पाव-अर्धा इंच आधी पट्टा ताणला पाहिजे, वर जाताना तेवढंच आधी बंप स्टॉपनं थांबवलं पाहिजे. पट्टे वापरात लांबतात, म्हणून थोडे आखूड घ्या आणि जुळवून घेता येणारी कडी लावा.

स्प्रिंगसाठी ट्रक स्टॉपच्या वजनकाट्यावर पुढच्या आसाचं वजन करून आणा. शॉकअप आतल्या सांध्यापासून आर्मच्या लांबीच्या साठ टक्क्यांवर बसला, तर 8 इंचांच्या शॉकअपमधून चाकाला 13 इंच मिळतात. पण चाकावर 750 पौंड असतील तर स्प्रिंगवर 1,250 येतात. आणि 600 पौंडी (एक इंच दाबायला 600 पौंड लागणारी) स्प्रिंग चाकाशी 216 चीच भासते, कारण साठ टक्क्यांचा वर्ग (0.6 × 0.6 = 0.36) धरावा लागतो. हा वर्ग विसरून मागवलेली पहिली जोडी माझ्याकडे अजून पडून आहे.

मागचं सोपं. शेवरलेच्या मोठ्या पिकअपचे 63 इंची पाटे भंगारात मिळतात. दोन्ही एकाच गाडीचे घ्या. टाकी, एक्झॉस्ट आणि प्रॉपेलर शाफ्टची लांबी बघून मगच पाटे ज्याला टांगायचे त्या हँगरची जागा पक्की करा.

व्हील अलाइनमेंटवाल्यालाही काम सुरू करण्याआधीच विचारा, कारण अनेक दुकानं बदललेल्या गाडीला हात लावत नाहीत. आणि पांढरा पेंट मार्कर घ्या. टॉर्क लावलेल्या प्रत्येक बोल्टवरून नटावर येणारी एक रेघ ओढायची. पहिल्या 50 मैलांनंतर खाली वाकून ती बघायची. रेघ तुटलेली दिसली की जिथं असाल तिथंच जॅक काढायचा.