कर्बोदकांचं वर्गीकरण: गोडीवर जाऊ नका, या चुका टाळा

दादरला माझ्याकडे बारावीची मुलं रसायनशास्त्राच्या शिकवणीला येतात. ‘बायोमॉलिक्युल्स’ (जैवरेणू) या धड्याला हात घातला की मी विचारते, वडापावात कर्बोदकं कशात आहेत? बटाटा सगळे सांगतात, पाव निम्मे. बेसन कुणीच नाही. खरं तर बेसनात निम्म्याहून जास्त कर्बोदकंच असतात.

गोड लागतं तेच कर्बोदक, ही समजूत आधी काढून टाका. पावाचा कोरडा तुकडा दोन मिनिटं चघळत राहा, गोडसर लागू लागेल. लाळेतल्या अमायलेज या विकराने (एन्झाइमने) स्टार्च तोडून माल्टोज केलेलं असतं. आपलं वर्गीकरणही या तोडण्यावरच उभं आहे: पाण्याने रेणू फुटला की किती तुकडे मिळतात? ग्लुकोज, फ्रुक्टोज फुटतच नाहीत, म्हणून ती मोनोसॅकराइड. सुक्रोज, लॅक्टोज, माल्टोज यांचे दोन तुकडे. स्टार्च आणि सेल्युलोजचे शेकडो, हजारो. लॅक्टोज म्हणजे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज. घाईत ‘दोन ग्लुकोज’ लिहून दरवर्षी कुणीतरी गुण घालवतं. ते माल्टोजचं उत्तर आहे.

‘कार्बन अधिक पाणी’ ही व्याख्याही पुरत नाही. ॲसिटिक आम्लाचं सूत्र त्यात चपखल बसतं, पण ते कर्बोदक नाही. ऱ्हॅम्नोज ही साखर त्यात बसत नाही, पण ती कर्बोदक आहे.

सगळ्यात जास्त गोंधळ प्रॅक्टिकलला. साखरेच्या द्रावणात बेनेडिक्ट (क्षपण करणारी, म्हणजे इलेक्ट्रॉन देणारी साखर ओळखायचं निळं द्रावण; तशी साखर असली तर तापवल्यावर विटकरी होतं) घालून तापवलं, रंग निळाच राहिला, की मुलं घाबरतात. घाबरू नका, तेच बरोबर आहे. आपली साखर म्हणजे सुक्रोज, आणि त्यात ग्लुकोजचा पहिला आणि फ्रुक्टोजचा दुसरा कार्बन एकमेकांत गुंतलेले असतात, क्षपण करायला मोकळा गट उरत नाही.

मग सुक्रोज तोडायला मुलं सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घालून उकळतात आणि त्यातच थेट बेनेडिक्ट ओततात. पुन्हा निळं! इथे मात्र चूक तुमची. बेनेडिक्टला अल्कधर्मी माध्यम लागतं. उकळलेलं द्रावण गार करा, सोडियम कार्बोनेट चिमूट चिमूट घाला, फसफस पूर्ण थांबू द्या, मगच बेनेडिक्ट घालून तापवा. आम्ल न घातलेली साखरेची परीक्षानळी शेजारी ठेवा: एक निळी, दुसरी विटकरी. जर्नलमध्ये दोन्ही निरीक्षणं लिहा.